भुयारातल्या मरणाचा ठराव

कोणतंही काम एकट्याने केलं, तर ते पूर्ण होण्याचा धोका असतो. राजारामपुरीतल्या आमच्या तरुण मंडळाने हा धोका २००४ साली वेळीच ओळखला, याचा मंडळाचा चिटणीस म्हणून मला सार्थ अभिमान आहे.

आमच्या गल्लीत खोली घेऊन राहणारा सोमेश कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. त्याची आई रत्नव्वा इचलकरंजीत मागावर कांड्या भरायची. बेंगळुरूच्या एका कंपनीने त्याला सांगितलं होतं, हास्केल या कॉम्प्युटरच्या भाषेत एक पुरा खेळ करून आण, नोकरी तुझी. नोकरी लागली की आईचं काम सुटणार होतं. खेळ तसा साधा. एक माणूस भुयारात उतरतो, राक्षसांशी लढतो, आणि मेला की मेला; पुन्हा पहिल्यापासून नवं भुयार. सोमेश त्यात एकेक गोष्ट घालत जाणार होता. पण कॉम्प्युटर गणपतीच्या वर्गणीतून घेतलेला, मंडळाचा. त्यामुळे खेळही ओघानेच मंडळाचा झाला. प्रत्येक नवी गोष्ट सभेत मंजूर व्हावी आणि नारळ फोडून सुरू व्हावी, असं ठरलं.

हास्केलबद्दल आधी कुरबुर होती. चूक असेल तर ही भाषा प्रोग्राम सुरूच करू देत नाही, हे काहींना पटेना (आपल्याकडे आधी सुरू करतात, चूक मागाहून निघते). पण गरज पडल्याशिवाय ती कुठल्याच कामाला हात लावत नाही, असं सोमेशने सांगताच ती सभेला एकदम घरची वाटली.

पहिल्यांदा पडद्यावर माणूस आला, म्हणजे ईमेलच्या पत्त्यात असतं ते वेटोळं. उद्घाटन माजी नगरसेवकांनी केलं. वेटोळं चार पावलं चाललं, टाळ्या पडल्या. मग भिंती आल्या. कुठली भिंत कुणाच्या हद्दीत, यावर सभा लांबली. मग भूक आली. ती चर्चेविना मंजूर झाली.

राक्षसाच्या वेळी मात्र तत्त्वाचा प्रश्न उभा राहिला. दारात आलेला पावणा, त्याला चहा न विचारता तलवार काढायची, हे कोल्हापूरला शोभेल काय? शोभणार नाही, असं ४१ विरुद्ध शून्य मतांनी ठरलं (हजेरी २६). सोमेशने राक्षसाला चहा दिला. हास्केलमध्ये एक गोष्ट बदलली की तिच्या नात्यातल्या सगळ्या रुसून बसतात (लग्नपत्रिकेत नावं घालताना येतो तोच अनुभव). एकेकीची समजूत काढण्यात बिचाऱ्याचा पंधरवडा गेला.

राहिलं मरण. अध्यक्ष आकारामदादा गंभीर झाले.

"आपला माणूस मरंल आणि आपण बघत बसायचं? न्हाय जमायचं."

"मरण न्हाय तर खेळ संपायचा कसा, दादा?" सोमेशने हात जोडून विचारलं.

"संपवायचाय कशाला? चालू दे की."

मरणाचा विषय दिवाळीनंतरच्या सर्वसाधारण सभेकडे गेला, आणि मुलाखत दसऱ्याआधी होती.

बेंगळुरूच्या साहेबांनी खेळ लावला. राक्षस आला, चहा प्याला, बसला. दुसरा आला, तोही बसला. भुयारात पाय ठेवायला जागा उरेना, तरी खेळ संपेना. हे संपतं कधी, असं साहेबांनी विचारलं. सोमेश खोटं बोलणाऱ्यातला नव्हे. दिवाळीनंतर, म्हणाला. नोकरी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

मंडळाने मात्र त्याला वाऱ्यावर सोडलं नाही. तो परतायच्या आत चौकात फलक लागला: 'बेंगळुरूला जाऊन आल्याबद्दल सोमेश यांचे हार्दिक अभिनंदन'. खाली आम्हा सगळ्यांचे फोटो होते (त्याच्या फोटोपेक्षा थोडे मोठे). रत्नव्वा मुद्दाम आली होती. फलकासमोर उभी राहिली, पदर डोळ्यांना लावला, आणि मागावरची रात्रपाळी बुडेल म्हणून आल्या पावली इचलकरंजीची बस पकडून गेली. आम्ही ते आनंदाश्रू म्हणून इतिवृत्तात घेतले.

सोमेशने राजीनामा दिला, त्यामुळे मंडळात एक जागा रिकामी आहे. वाचता वाचता त्याने नेमकं काय करायला हवं होतं, हे आपल्याला सुचलंच असेल. हास्केलचं ओ की ठो कळत नसताना सुचलं असेल, तर फारच उत्तम. अर्जाची गरज नाही, आपण केव्हाच सभासद झालात.