स्टेज फार मोठा आहे

रोज दिवसभर लोकांच्या तोंडात ड्रिल फिरवून दातांच्या डॉक्टरांचे कान किटले होते. म्हणून सुट्टीच्या दिवशी ते हेडफोन घ्यायला गेले.

"सर, सोर्स काय तुमचा?" विक्रेत्याने विचारलं.

"दातांचा दवाखाना."

"तसं नव्हे. गाणी कशातून ऐकता?"

"कानातून," डॉक्टर चाचरत म्हणाले.

विक्रेत्याने दीर्घ श्वास घेतला आणि मागे जाळी असलेला एक हेडफोन पुढे ठेवला. "हा मागून उघडा आहे. याचा साउंडस्टेज मोठा. कोण कुठे बसून वाजवतंय, डोळे मिटून सांगाल. फक्त सोर्स तोडीचा हवा, नाहीतर..."

पण 'मोठा' ऐकल्यावर डॉक्टर पुढचं ऐकायला थांबले नाहीत.

घरी येऊन त्यांनी हेडफोन मोबाइलला जोडला, एक मैफल लावली आणि डोळे मिटले. आवाज पूर्ण वाढवूनही गाणं पलीकडच्या गल्लीत चालल्यासारखं येत होतं. डॉक्टर जरा गोंधळले. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली. स्टेज एवढा मोठा म्हटल्यावर गायक लांबच उभा असणार!

इतक्यात डावीकडे मागून ठोके सुरू झाले. ठक ठक, ठका ठक. काय ती स्पष्टता! मग त्याच बाजूने एका बाईने आर्त सूर लावला, "अहोऽऽ!" खालून दोन पुरुषांनी तिला साथ दिली. उजवीकडे टाळ्यांचा चुरचुर कडकडाट झाला. डॉक्टरांच्या अंगावर काटा आला. त्यांनी विक्रेत्याला मेसेज टाकला, 'स्टेज अप्रतिम. डावीकडच्या बाईंचा आवाज थोडा कर्कश आहे, पण जीव ओतून गातात.'

लगेच उत्तर आलं, 'कशाला जोडलाय?'

'मोबाइलला.'

'सर, मोबाइलच्या ताकदीत हा धड वाजतच नाही, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. आणि जाळीतून बाहेरचे आवाज आत येतात. तुम्ही नक्की काय ऐकताय?'

डॉक्टरांनी हेडफोन काढून हातात घेतला. गाणं गेलं. बाई मात्र जागच्या जागी होत्या. उलट आणखी जवळ आल्या होत्या.

"अहो, बहिरे झालात का? दार उघडा!"

बायको कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली होती आणि वाऱ्याने दार आपटून आतली कडी पडली होती. खाली रस्त्यावर दोन शेजारी तोंड वर करून "डॉक्टर! डॉक्टर!" करत होते. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन शेगडीवर चुरचुरत होतं, आणि आता त्याचा वासही घरभर सुटला होता.

डॉक्टरांनी आधी गॅस बंद केला, मग दार उघडलं. बायकोच्या मते इथेच त्यांचा क्रम चुकला.

उन्हाने लाल झालेली बायको आत आली, खुर्चीत बसली आणि तोच हेडफोन कानांवर चढवून तिने डोळे मिटले. डॉक्टर फडकं घेऊन शेगडी पुसायला लागले. तिचे कान झाकलेत म्हटल्यावर त्यांना धीर आला.

"गॅसवर दूध ठेवून कोणी गॅलरीत जातं का?" ते पुटपुटले. "आणि वर रुसायचं!"

बायकोने डोळे उघडले नाहीत.

"उजवीकडून," ती शांतपणे म्हणाली, "कोणीतरी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतंय. फार स्पष्ट ऐकू येतंय."