अक्का बघते, दाजी चालवतात

आमचे दाजी जीप चालवताना समोर बघत नाहीत. मान पूर्ण डावीकडं वळवून शेजारी बसलेल्या आमच्या अक्काच्या तोंडाकडं बघतात, आणि जीप मात्र सरळ जाते. अंबड तालुक्यातल्या त्यांच्या गावात लोक कौतुकानं म्हणतात, "या वयात बी केवढा जीव हाय बघा बायकोवर." जीव बीव काही नाही. दाजींना समोरचं दिसत नाही म्हणून ते तसे बसतात, आणि हे अख्ख्या गावाला माहीत आहे. तरी एकानंही त्यांना कधी हटकलं नाही, याचा मला अजून संताप येतो.

माझं जुन्या जालन्यात चष्म्याचं दुकान आहे. लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावण्यात माझी उमर गेली, आणि माझ्याच थोरल्या बहिणीचा नवरा आंधळा होऊन गाडी हाणतो. चार वर्षांपूर्वी दाजींना डोळ्याच्या डॉक्टरकडं मीच नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतल्या पडद्याला बरोबर मधोमध डाग पडलाय, कडेचं दिसेल, मधलं दिसणार नाही, चष्म्यानं काही फरक पडायचा नाही. म्हणजे समोर माणूस उभा राहिला तर त्याची टोपी दिसते, चपला दिसतात, चेहऱ्याच्या जागी नुसता धूर. म्हणून कुठलीही गोष्ट बघायची तर दाजींना तिच्याकडं न बघता भलतीकडं बघावं लागतं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, गाडीला हात लावायचा नाही. दाजी म्हणाले, "बिलकुल बराबर." बाहेर आले आणि सरळ जीपच्या उजव्या दारातून आत बसले.

"बिलकुल बराबर" हे दाजींचं सगळ्या जगाला उत्तर. पटलं तरी बिलकुल बराबर, नाही पटलं तरी बिलकुल बराबर. त्यांच्याशी भांडताच येत नाही. भिंतीशी भांडलं तर निदान भिंत होकार तरी देत नाही.

त्यांनी तीस वर्षं अंबड ते जालना काळीपिवळी चालवली. त्याचा माज अजून आहे. मी म्हणालो, "दाजी, तुम्हाला रस्ता दिसत नाही." तर म्हणतात, "मला रस्ता दिसायची गरज काय? रस्ता मला वळखतो." मी म्हणालो, "रस्ता वळखत असेल, रस्त्यावरची म्हैस वळखते का?" तर म्हणाले, "म्हैस तर बिलकुल वळखते. बाजूला हुते." दुर्दैवानं हे खरं होतं. त्या गावच्या म्हशी पत्र्याचा तो खडखडाट ऐकून खरंच बाजूला व्हायच्या. माणसांनी म्हशीइतकी तरी अक्कल दाखवायला पाहिजे होती, पण तीही बाजूला होऊन राम राम घालायची.

परवान्याचं विचारू नका. त्याची मुदत कधीच संपलेली. दाजी तो देव्हाऱ्यात ठेवतात.

तर कारभार असा, की दाजी चालवायचे आणि अक्का बघायची. अक्काला सायकलसुद्धा येत नाही. डावं-उजवं तिनं आयुष्यात म्हटलेलं नाही. तिचा उजवा हात म्हणजे जेवायचा हात आणि डावा म्हणजे दुसरा. मी मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसायचो आणि पुढं हे चालायचं, "जेवायच्या हाताला शेळ्या हायत. आता गेल्या. ह्या वावरातल्या कापसाला बोंडं बरी लागली औंदा. दत्तूच्या सुनंनं नवी साडी नेसली. हिरवीगार. हळू घ्या, मागल्या वेळचाच खड्डा. समोरून बस येऊन राह्यली." या क्रमानं. बस सगळ्यात शेवटी. मी ओरडलो की अक्का मागं वळून म्हणायची, "सांगून तर राह्यले ना मी, तुला काय घाई?"

आता अक्काचं सांगतो, कारण तिच्यावरही माझा कमी राग नाही. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, रेखानं, पुण्यात नोकरीतल्या एका मुलाशी लग्न केलं. घरी विचारलं नाही, करून मग कळवलं. दाजींनी जाहीर केलं, "आजपासून तिचं नाव या घरात काढायचं न्हाई." अक्का शांतपणे म्हणाली, "मंग या घरात मी बी तुमच्यासंगं एक शबूद बोलनार न्हाई."

आणि नाही बोलली. सहा वर्षं. चहा दाजींपुढं ठेवायची आणि मांजराला सांगायची, "गरम हाय म्हनावं." मी गेलो की मांजराला सुट्टी. "सुभाष, सांग तुझ्या दाजीला, चटणी ताटातच हाय." दाजी हातभरावर बसलेले. मी पन्नाशीचा माणूस, दुकानाचा मालक, ताटावर बसून निरोप पोचवायचो, "दाजी, चटणी ताटातच हाय." दाजी म्हणायचे, "तिला म्हनावं बिलकुल बराबर."

पण जीप उभी असायची कुंपणाबाहेर, लिंबाखाली. अक्काच्या हिशेबानं कुंपणाबाहेर घर संपलं. जीपमध्ये बसली की तिचं तोंड सुरू व्हायचं ते परत लिंबाखाली येईपर्यंत. उतरली, फाटकातून आत पाय टाकला, की बंद. मला वाटायचं, काय हा पोरखेळ. दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालावा असं वाटायचं.

आणि फिरायचे तरी किती. मंगळवारी अंबड, गुरुवारी अंबड, मधेच अंतरवाली सराटीला कुणाच्या तरी म्हशीला बघायला. म्हैस घ्यायची नाही, नुसती बघायची, आणि तीही दाजींनी. एकदा माझ्या दुकानापुढं जीप येऊन थांबली, तर एक रिक्षावाला आणि दोन मोटारसायकलवाले शिव्या देत मागं. मी धावत बाहेर आलो. विचारलं, काय काम काढलं? अक्का म्हणाली, "पावशेर खसखस पायजे हुती." खसखस. जुन्या जालन्याच्या त्या बोळात, जिथं डोळे असलेला माणूस गाडी घालत नाही, तिथं हे दोघं खसखस घ्यायला आले होते. मी गिऱ्हाईक समोर असताना दाजींना नको ते बोललो. कुणाचा जीव घेतल्यावर थांबणार का, असंही बोललो. दाजी माझ्या कानाशेजारी कुठंतरी बघत म्हणाले, "बिलकुल बराबर." खसखस घेऊन गेले.

मग गेल्या हिवाळ्यात व्हायचं ते झालंच.

मी त्यांच्याकडं राहायला गेल्तो. दुपारी अंबडहून परत येत होतो, मी मागं, ते दोघं पुढं. गावच्या चौकातून घराकडं वळायचं ते मात्र दाजी अक्काला विचारत नसत. वळणावर सोपानची भज्याची टपरी आहे. भज्याचा वास आला की जेवायच्या हाताला स्टिअरिंग फिरवायचं, हा त्यांचा नियम. मी स्वतः ऐकलंय, ते अभिमानानं सांगायचे, "डोळे झाकून वळतो." त्या दिवशी चौकात कुणाच्या तरी नातवाचं बारसं होतं. टपरीच्याच जागेवर मांडव पडलेला, म्हणून सोपाननं टपरी वीस पावलं अलीकडं सरकवली होती. वास वीस पावलं आधी आला. दाजी वीस पावलं आधी वळले.

समोर मांडव, आणि मांडवात पोरांची पंगत.

एरवी अक्का ओरडली असती. त्या दिवशी ती खिडकीबाहेर बघत होती, तोंडातून अक्षर नाही. मी मागून ओरडलो. इतका जोरात की माझा घसा पुढं चार दिवस बसला होता. दाजींनी ब्रेक दाबला, तोवर दोरी तुटून मांडवाचं कापड टपावर आलं होतं आणि वरणाचं पातेलं लवंडलं होतं. चाकापासून दीड हातावर पाच-सहा वर्षांची एक पोरगी बसलेली. तिच्या हातातला घास तसाच हातात. ती रडलीसुद्धा नाही, नुसती जीपकडं बघत राहिली.

कुणाला लागलं नाही. पण गावानं काय करावं? दाजींना खाली खेचून दोन द्याव्यात की नाही? यजमान पुढं आले, कापड बाजूला केलं आणि म्हणाले, "या दाजी. आलेच आहात तर बसा पंगतीला." आणि दाजींना जेवायला वाढलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी त्या मांडवात उभा राहून दाजींना बोललो, यजमानांना बोललो, सोपानला बोललो, ज्याचं बारसं होतं त्या बाळालाही बहुतेक काहीतरी बोललो असेन.

घरी आलो आणि अक्काला धरलं. "तू का गप होतीस? तुझं काम होतं ना बघायचं?" अक्का सरळ चुलीपुढं जाऊन बसली. दाजींनी मात्र खिशातून किल्ली काढली आणि माझा हात चाचपून हातात दिली. त्या वेळी त्यांनी बिलकुल बराबर म्हटलं नाही. तरी मला दया आली नाही. मला ती पोरगी दिसत होती. किल्ली तर घेतलीच, शिवाय जीपची बॅटरी काढली आणि एसटीत मांडीवर घेऊन जालन्याला आलो. पँटला बॅटरीचं पाणी लागून भोक पडलं, तरी मला मोठं काम केल्यासारखं वाटत होतं.

महिना-दीड महिना बरा गेला. फोन केला की अक्का "ठीक हाय" म्हणून ठेवायची. मग एक दिवस सोपान चष्मा करायला दुकानात आला आणि काच बघता बघता म्हणाला, "दाजीनं जीप पुन्हा सुरू केली वाटतं. दोघं रोज दुपारी बसलेले असतेत तिच्यात."

माझ्या हातातली फ्रेम खाली पडली. कुणीतरी गावातल्याच शहाण्यानं त्यांना बॅटरी आणि दुसरी किल्ली आणून दिली, दुसरं काय. मी शटर ओढलं आणि मिळेल ती एसटी धरली. सगळ्या वाटेनं काय काय बोलायचं ते जुळवत होतो. बोनेट उघडून इंजिनात वाळू टाकायची हेही ठरवलं होतं.

गावात पोचलो तेव्हा दुपार टळत होती. जीप लिंबाखालीच होती. आत दोघं बसलेले, दाजी स्टिअरिंगवर, अक्का शेजारी. दाजींची मान नेहमीसारखी तिच्याकडं वळलेली. मी मागच्या बाजूनं दबकत गेलो, गाडी चालू करताना रंगेहाथ धरावं म्हणून. जवळ गेल्यावर कळलं, इंजिनाचा आवाज नाही. बॅटरी कुणी आणून दिलीच नव्हती.

अक्का बोलत होती. तिच्या हातात मोबाइल होता आणि ती त्यात बघून सांगत होती, "केस कापले तिनं. खांद्यापर्यंतच ठेवले. जरा वाळली. डोळ्याला चष्मा लागला. पोरगं कडेवर हाय, त्याचं कपाळ तुमचं."

"मोठं?"

"लई मोठं."

दाजी म्हणाले, "त्या दिवशी चौकात तू गप झालीस."

"तुमी तिचं नाव काढलं," अक्का म्हणाली. "सहा वर्सांत पहिल्यांदा. म्हनालात, रेखा बरी हाय का. मला समोरचं काही दिसेनाच."

मी जीपच्या मागं तसाच उभा राहिलो. दाजी ते इतकं हळू बोलले असणार, की मागच्या सीटवर खडखडाटात मला ऐकू आलंच नव्हतं. किल्ली घेताना, बॅटरी उचलताना मला एकदाही सुचलं नव्हतं, की या दोघांना एकमेकांशी बोलायला जगात हीच एक जागा आहे. खसखस कशाला लागत होती ते मला आत्ता कळलं. तरी बॅटरी मी परत दिली नसती, आजही देणार नाही. ती पोरगी मला अजून दिसते.

दाजी म्हणाले, "आन तू?"

"मी काय?"

"तू कशी दिसून राह्यली आता?"

चार वर्षं हा माणूस माझ्या बहिणीच्या तोंडाकडं बघत जीप चालवत होता, आणि ते तोंड त्याला एकदाही दिसलं नव्हतं. अक्कानं पदर सारखा केला. मग म्हणाली, "केस पांढरे झाले."

"किती?"

"सगळेच."

दाजी मग म्हणाले, "मला सांगितलं न्हाई."

"तुमी विचारलं कुठं," अक्का म्हणाली.

मी आल्या पावली मागं फिरलो. चौकात सोपानच्या टपरीवर, जिथून त्यांचं फाटक दिसतं, जाऊन बसलो, चहा सांगितला, तो संपल्यावर आणखी एक सांगितला. शेवटच्या एसटीची वेळ होत आली तरी दोघं फाटकातून आत गेलेले दिसले नाहीत, तेव्हा त्यांना न भेटताच मी जालन्याला परत आलो.