नाकवाले सर

आमच्या सिंदी मेघेत राहणारे भोयर सर चहासुद्धा थेट हुंगत नसत. कप हातभर लांब धरायचे, दुसऱ्या हाताने वाफ नाकाकडे ढकलायचे, मगच घोट. पंगतीत मठ्ठ्याचंही तेच. "अनोळखी पदार्थात एकदम नाक खुपसू नये," असं वर वाढप्यालाच बजावत.

कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. काकू गेल्यापासून एकटेच. २००८ साली मी बीएस्सीला होते, त्यांच्या शेजारीच राहायचे. बाबांच्या डिजिटल कॅमेऱ्याने मी सरांचे प्रयोग टिपायचे आणि सायबर कॅफेतून इंटरनेटवर चढवायचे. एक व्हिडिओ चढायला अख्खी दुपार जाई. मला चालायचं, कॅमेऱ्यामागे बोलावं लागत नाही.

प्रयोगाआधी रोज दुधाचं पातेलं माझ्यापुढे यायचं. "नमुना क्रमांक एक. काय वास?" मी सांगितलं की पुन्हा हुंगायला लावत. "एकदा आलं थे नशीब, दोनदा आलं थे निरीक्षण."

मग नवसागर आणि चुना चोळून कॅमेऱ्याकडे वाफ ढकलत. "अमोनिया! सकाळी गोठ्याचं दार उघडलं का पयला भपकारा येते ना, थोच!"

लोक वेडे झाले. ब्राझीलच्या कुणीतरी लिहिलं, पडद्यातून वास आला. जगभर ते 'नोज सर' झाले. मी वाचून दाखवलं, तर म्हणाले, "तिकडं गोठे असतेत काय वं?"

एका सकाळी त्यांच्या दारात पाऊल ठेवलं आणि गॅसचा वास डोक्यात गेला. समोर नोज सर, स्पिरिटच्या दिव्याशी काडी ओढायच्या बेतात.

"सर, नका पेटवू!" आयुष्यात पहिल्यांदा मी एवढी ओरडले. काडेपेटी हिसकून अंगणात फेकली.

"काऊन वं?"

"गॅस! घरभर वास येतोय!"

"कुठं?" त्यांनी हवा नाकाकडे ढकलून पाहिली. खरंच विचारत होते.

मी सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या.

"नाक गेलं मायं," ते हळूच म्हणाले. "बारा वर्षं झाले. क्लोरीननं खाल्लं."

"मग ते गोठ्याचं, अमोनियाचं?"

त्यांनी एक वही पुढे केली. काकूंचं अक्षर. प्रत्येक वायूपुढे एक ओळ. "तुही काकू हुंगे. दोनदा. अन् लिहे. कोणाले सांगजो नको." मला दूध रोज का हुंगावं लागे, ते तेव्हा कळलं.

मग त्यांनी कपाटातून काकूंची शाल काढली. लांब धरली, हाताने माझ्याकडे हवा ढकलली. "काय वास?"

"डांबरगोळ्यांचा."

"थ्या मीच टाकल्या. कसर लागू नये म्हणून." त्यांनी शालीची घडी उलगडली. "अन् त्या वासाखाली? खाली काई?"

खाली काहीच नव्हतं.

"मोहरीच्या फोडणीचा," मी म्हणाले. "थोडासा."

सरांनी वही उघडली आणि काकूंच्या शेवटच्या ओळीखाली तेवढं लिहून घेतलं. पुन्हा हुंग, असं म्हणाले नाहीत.