राऊत सरांची धूळवही

राऊत सरांना एखाद्याचं कौतुक करायचं झालं की ते त्याला 'धूळ' म्हणतात. मला पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. बायको म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घेता? कोणीतरी हे बोलायलाच हवं होतं."

सर आमच्याच गोखिवऱ्याच्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर राहतात. शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले. शिकवायचं मात्र थांबले नाहीत. लिफ्ट बंद पडली की त्यांना बरं वाटतं, कारण आत अडकलेला माणूस पळून जाऊ शकत नाही. धुळीचा खुलासा मला तिथेच मिळाला.

"दिलीपराव, इथल्या खाणीत सुरुंग उडायचा तेव्हा आवाज किती वेळा यायचा?"

"दोनदा. एकदा थेट, एकदा डोंगरावर आपटून."

"उजेडाचंही तसंच! एखादा तारा फुटतो. त्याचा थेट निघालेला उजेड कित्येक शतकांपूर्वी आपल्यावरून निघून गेला. तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"ऑफिसात," मी सवयीने म्हणालो.

"पण जो उजेड आडवा गेला, तो आकाशातल्या धुळीच्या ढगावर आपटतो, वळतो आणि लांबच्या वाटेने आज इथे पोचतो. स्फोट तोच, पण आपल्याला आज दिसतोय! दुसऱ्या ढगावरून आला तर दुसऱ्या बाजूने दिसतो. आपलं बघायचं राहून गेलेलं धूळ परत दाखवते, दिलीपराव."

तेवढ्यात लिफ्ट सुरू झाली. सर हिरमुसले.

हे आकाशापुरतं असतं तर चाललं असतं. पण सरांची एक वही आहे. तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या साफसफाईत, सरांच्या पत्नी सुनंदाकाकू गेल्या. त्या दिवशी सर डहाणूला एका शाळेत ताऱ्यांवर बोलायला गेले होते. निघताना दोघांचं पुस्तकांच्या कपाटावरून वाजलं. काकूंना ते पुसायचं होतं आणि सर हात लावू देत नव्हते. "मग बसा धुळीत!" म्हणून काकूंनी दार लावून घेतलं. दुपारी त्या गेल्या. सर परतले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं.

शेवटच्या त्या चार तासांत काकू रागातच होत्या का, एवढंच सरांना जाणून घ्यायचं आहे. म्हणून त्या दिवशी काकूंना ज्याने ज्याने पाहिलं त्याची ते वहीत नोंद करतात. आगाशीहून भाजी घेऊन येणाऱ्या मावशींची साक्ष मी स्वतः ऐकली आहे.

"मेथी घेतली, मला पानी दिलं," मावशी म्हणाल्या.

"चेहरा कसा होता?"

"मी खाली बसलेली ना सर, जुडी सोडत होते. पाय दिसले. नव्या चपला होत्या."

सरांनी लिहिलं: 'खालून दृश्य. चपला नव्या.' मग म्हणाले, "मावशी, तुम्ही धूळ आहात." मावशींनी त्या दिवशी कोथिंबीर फुकट दिली नाही.

माझ्या नावापुढे 'निरीक्षण नाही' असं लिहिलेलं आहे. मी तेव्हाही "ऑफिसात होतो" म्हणालो होतो.

यंदा सोसायटीच्या गणपतीत सरांचं व्याख्यान ठरलं. हॉलमध्ये अंधार करायचा, सर टॉर्च लावणार, झोत कोणाला दिसणार नाही. मग मी थोडी कॅरमची पावडर उडवायची, की झोत दिसेल. 'थोडी' म्हणजे किती ते मी विचारलं नाही. शिवाय समोर टेबलफॅन चालू होता. दिवे लागले तेव्हा चेअरमन, पहिल्या दोन रांगा आणि आरतीचं ताट एकाच रंगाचं झालं होतं. सर मात्र खूश. "बघितलंत? उजेड आधीपासून होताच! दिसायला धूळ लागली. आणि उशिरा दिसला म्हणून तो खोटा ठरत नाही."

लोकांच्या नजरा चुकवत मी टॉर्च पोचवायला सरांच्या घरी गेलो. पुस्तकांचं कपाट पुसून लखलखीत ठेवलेलं होतं, फक्त वरच्या कप्प्यावर धुळीचा जाड थर. टॉर्च तिथे ठेवायला मी हात उचलला.

"हात नका लावू!" सर ओरडले. मग हळू आवाजात म्हणाले, "तिने सगळं पुसलं. तिथपर्यंत पोचायच्या आतच... रागात राबली, दिलीपराव. माझ्यावरच्या रागात."

मी टॉर्च घेऊन तसाच उभा. अंगभर पावडर, त्यामुळे चेहरा पडलेला दिसला नसावा.

"सर, मी त्या दिवशी ऑफिसात नव्हतो."

ऑफिसला पोटदुखी कळवून मी जूचंद्रला क्रिकेटची मॅच बघायला निघालो होतो. लिफ्टपाशी काकू भेटल्या, हातात फडकं. म्हणाल्या, "दिलीप, हे आले आणि मी झोपलेली असले तर सांग हां. कपाट पुसलं म्हणावं. वरचा कप्पा तेवढा ठेवलाय तसाच, त्यांच्या ताऱ्यांसाठी." आणि हसल्या. संध्याकाळी त्या गर्दीत कपाटाचं काय बोलणार? महिन्याने बोलायची लाज वाटली. वर्षाने तर तोंडच उरलं नाही. पोटदुखीही उघडी पडली असती.

सरांनी मला समोरच्या खुर्चीत बसवलं. वही काढून त्यांनी माझं पान शोधलं, 'निरीक्षण नाही' खोडलं.

"कुठे उभे होतात?"

"लिफ्टच्या डावीकडे."

"हसली ती?"

"हो."

"तोंडाला पदर लावून?"

"लावून. फडक्याची धूळ नाकाला लागली होती."

सरांनी सगळं लिहून घेतलं. "तीन वर्षं," एवढंच म्हणाले. मी शिव्यांची वाट बघत होतो.

"तुम्ही धूळ आहात, दिलीपराव."

मग चष्मा काढून त्यांनी सदऱ्याने पुसला, बराच वेळ पुसला, आणि खिडकीजवळच्या दुसऱ्या खुर्चीकडे बोट केलं.

"आता तिथे बसा. त्या बाजूने पुन्हा सांगा."

मी उठून त्या खुर्चीवर बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.