चौदा महिन्यांचे आजोबा

"सिन्योर गास्ताल्दी, तुमचे आजोबा चौदा महिन्यांचे असताना वारले," इटलीच्या वकिलातीतल्या, खिडकीपलीकडच्या बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दुखवट्याचा सूर होता, कारण ही बातमी नातवाला आजच कळत होती. निदान बाईंना तसं वाटलं.

"शक्य नाही," आबेलार्दो गास्ताल्दी म्हणाले. "मी त्यांना खांदा दिलाय. चौऱ्याहत्तर साली. चांगले जड होते."

"कागद तसं म्हणत नाही. बात्तिस्ता गास्ताल्दी, जन्म नऊ फेब्रुवारी अठराशे नव्वद. आणि इथे समासात, हे बघा, मृत्यू, एप्रिल एक्याण्णव."

"मग नऊ मुलं कुणाची?"

"ते तुमच्या घरातल्यांना विचारा. या कागदाप्रमाणे तुमच्या वडिलांचा जन्मच होत नाही. त्यामुळे तुमचाही नाही. या मुलीचा तर प्रश्नच येत नाही."

जन्माचा प्रश्नच न आलेली मुलगी, म्हणजे नोर्मा, शेजारी खाली मान घालून उभी होती. बाईंनी फाईल परत सरकवली. आजोबांचा योग्य दाखला सहा महिन्यांत आणून द्यावा, नाहीतर पुन्हा रांगेत उभं राहावं, असा नियम त्यांनी सांगितला. रांग चार वर्षांची होती. मागच्या माणसाने घसा खाकरला आणि बापलेक बाजूला झाले.

नोर्मा छत्तीस वर्षांची. राफाएलाच्या इस्पितळात ती तात्पुरती नर्स होती आणि दर तीन महिन्यांनी तिचं तात्पुरतेपण नव्याने सुरू होई. देशाची अवस्था अशी होती की तेवढंही नशीबच म्हणायचं. मोदेनाच्या एका इस्पितळाने तिच्यासाठी पुढच्या एप्रिलपर्यंत जागा राखून ठेवली होती, फक्त तिने इटलीची नागरिक म्हणून यायला हवं होतं, आणि ते नागरिकत्व इटलीत जन्मलेल्या पणजोबांच्या दाखल्यावरच मिळणार होतं. घरात ती आणि तिचे बाबा अशी दोनच माणसं. आई जाऊन पाच वर्षं झाली होती. नोर्मा गेली की आबेलार्दो त्या घरात एकटे उरणार, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांपैकी एकानेही त्याबद्दल कधी ब्र काढला नव्हता.

आता खरं ते सांगून टाकायला हवं. आबेलार्दो पस्तीस वर्षं स्टेशनमास्तर होते. न वाचलेला कागद त्यांच्या हातून कधी पुढे गेला नाही. आजोबांच्या गावाहून तो दाखला आला त्याच दिवशी त्यांनी समासातली ओळ पाहिली होती. इटालियन येत नसलं तरी क्रॉस आणि तारीख कळायला भाषा लागत नाही. त्यांनी दाखला घडी करून फाईलमध्ये ठेवला, वर गुलाबी फीत बांधली आणि गप्प बसले. त्यानंतर चार वर्षं त्यांनी त्या फाईलवर जिवापाड मेहनत घेतली. भाषांतरं करवली, शिक्के मारून आणले, एकेका दाखल्यासाठी तीन-तीन हेलपाटे घातले. शेजारीपाजारी म्हणायचे, बाप असावा तर असा. ज्या गाडीला पुढे रूळच नाहीत तिला हिरवा झेंडा दाखवायला कोण कचरेल?

परतीच्या बसमध्ये मात्र नोर्मा खिडकीला डोकं टेकून रडली. आवाज नाही, हुंदका नाही, नुसतेच डोळे वाहत होते. "जाऊ द्या बाबा," एवढंच ती म्हणाली. आबेलार्दोंनी घरून आणलेलं सँडविच पुन्हा कागदात गुंडाळून ठेवलं. आपण पोरीचं आयुष्य घडी करून फितीत बांधून ठेवलं, असं त्यांना वाटलं आणि स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते देल्फिनाआत्याकडे गेले. आत्या म्हणजे आजोबांच्या नऊ मुलांतलं शेंडेफळ. वय शहात्तर, आणि बाकीचे आठ जण गेल्यामुळे घराण्याची सर्व माहिती एकट्या तिच्या ताब्यात होती. ती अंगणात माते, म्हणजे इकडचा कडवट पाल्याचा चहा, पीत बसली होती.

"आत्या, आजोबांना थोरला भाऊ होता का गं?"

आत्याने किटली खाली ठेवली. "कोणी सांगितलं तुला?"

"सरकारने."

"त्यांना बरं सगळं कळतं!" आत्याने किटलीचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाली, "होता. त्याचं नावही बात्तिस्ताच. एक पोर गेलं की पाठच्याला तेच नाव द्यायचे तिकडे. मग बाबांना सतराव्या वर्षी इकडे यायचं होतं, तर एवढ्या पोराला एकट्याला बोटीवर घेईनात. गेलेल्याचा दाखला पेटीत पडला होता. त्याच्यावर वीस वर्षं भरत होती. तो खिशात घातला नि आले."

"म्हणजे इथले सगळे कागद..."

"सगळे त्या लेकराच्या तारखेचे. लग्न, आम्हा नऊ जणांचे जन्म, मरणाचा दाखलासुद्धा."

आबेलार्दोंना एकदम काहीतरी आठवलं आणि ते खुर्चीत ताठ बसले. दर नऊ फेब्रुवारीला, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या भर उन्हाळ्यात, गास्ताल्दी घराण्यात आजोबांच्या वाढदिवसाची बान्या काउदा होत असे. लसूण आणि खारवलेल्या मासळीचं ते तेल शेगडीवर रटरटत असायचं आणि चाळीस-पन्नास माणसं भोवती बसून त्यात भाज्या बुडवून खायची. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला. ते खाणं कडाक्याच्या थंडीतलं आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण वाढदिवसच फेब्रुवारीत, त्याला कोण काय करणार? एका वर्षी दोन काका घेरी येऊन पडले होते.

"मग आजोबांचा खरा वाढदिवस कधी?"

"चौदा जुलै."

"जुलै?" आबेलार्दोंचा आवाज चिरकला. "ऐन थंडीत? आणि साठ वर्षं आपण उगाच..."

"उगाच नाही," आत्या म्हणाली. "बाबा म्हणायचे, त्याचं नाव घेतलं, त्याची तारीख घेतली, तर वर्षातून एक दिवस त्याच्या नावाने पंगत बसू दे. त्याला दुसरं कोण आहे?"

आबेलार्दोंनी मान खाली घातली. मातेचा घोट गार होऊन गेला होता, तो त्यांनी तसाच घेतला.

गावाहून खऱ्या आजोबांचा दाखला आला, चौदा जुलै अठराशे त्र्याण्णव. समास कोरा. नोर्माने तो वाचला आणि, "छान झालं," म्हणून भाजी चिरायला घेतली. पण आता नवीनच पंचाईत झाली. खोटा दाखला इथल्या सगळ्या कागदांशी जुळत होता, आणि खरा एकाशीही जुळत नव्हता. वकील म्हणाले, कोर्टातून अकरा कागद दुरुस्त करून घ्यावे लागतील आणि त्यासाठी साक्षीदार पाहिजे.

"मी नाही येणार," आत्या म्हणाली. "कोणाला सांगणार नाही म्हणून बापाला शब्द दिलाय."

"मला सांगितलंस की."

"तू घरचा. जज्ज काय घरचा आहे?"

आबेलार्दो रोज दुपारी जाऊन बसू लागले. आत्या माते द्यायची, बिस्किटं द्यायची, होकार तेवढा द्यायची नाही. आठव्या दिवशी त्यांच्याने राहवेना. "आत्या, एक सांगतो. त्या दाखल्यावरची ओळ मी चार वर्षांपूर्वीच वाचली होती. बोललो नाही. पोरगी जाऊ नये म्हणून. ती बसमध्ये मुकाट रडत होती गं. मला बघवलं नाही."

आत्याने बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. "बापाचं खोटं मोठं होतं, तुझं त्यामानाने बारीक," ती म्हणाली. "चल, दोन्ही एकदमच निस्तरू. पण वकिलातीत तुमच्याबरोबर माझेही कागद घाल. मीही त्यांचीच मुलगी आहे."

कोर्टात आत्या काळा पोशाख घालून आली आणि साक्षीला उभी राहण्याआधी तिने वडिलांची मोठ्याने क्षमा मागितली. न्यायाधीश बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि भुवया आक्रसल्या. "म्हणजे लग्नाच्या वेळी ते खरे वीसच वर्षांचे. तेव्हाच्या कायद्याने सज्ञान नव्हते. वडिलांची परवानगी लागली असती. मग हे लग्न कायदेशीर म्हणायचं कसं?"

"बाईसाहेब," आत्या म्हणाली, "नऊ मुलं झाली आणि एकसष्ट वर्षं संसार झाला. आणखी कोणाची परवानगी पाहिजे तुम्हाला?"

न्यायाधीश बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि आजोबांना मरणानंतर एकोणतीस वर्षांनी तीन वर्षांनी लहान करून टाकलं. त्यानंतर सगळंच भराभर होत गेलं. खिडकीपलीकडच्या बाईंनी एकेक कागद उलटून पाहिला आणि पहिल्यांदाच हात पुढे करून तिघांचं अभिनंदन केलं. आबेलार्दोंनी आपला इटलीचा लालसर पासपोर्ट कपाटात, बायकोच्या फोटोमागे ठेवून दिला.

मार्चच्या एका दुपारी राफाएलाच्या बसस्थानकावर ब्वेनोस आयरेसची बस उभी होती. नोर्माची बॅग बसच्या पोटात गेली होती. आबेलार्दो तिच्यासमोर उभे होते. आता नाही बोललो तर कधीच नाही, असं त्यांना वाटलं.

"नोर्मा, आजोबांचा तो पहिला दाखला... त्यावरची ओळ मी आधीच पाहिली होती. तू जाऊ नयेस म्हणून गप्प बसलो. मला माफ कर."

नोर्माने खांद्यावरची पर्स खाली ठेवली. "बाबा, मी इटालियन शिकत होते. मीही पहिल्याच दिवशी वाचली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेने फाईल करत होतात. म्हटलं, चालू दे. कागद आपोआप परत येईल आणि मला 'नाही जात' म्हणावं लागणार नाही. तुम्हाला सोडून कुठे जाऊ मी? पण तुम्ही आत्याला कोर्टात कशाला नेलंत?"

"तू बसमध्ये रडलीस म्हणून!"

"सुटले म्हणून रडले होते, बाबा."

पाच वर्षांची मेहनत, अकरा कागद आणि एक कोर्ट, आणि हाती आलं ते दोघांपैकी एकालाही नको होतं. आबेलार्दोंचे डोळे भरून आले. नोर्माने त्यांची बाही घट्ट धरली.

"ड्रायव्हरला सांगतो," ते म्हणाले. "बॅग उतरवू."

"कोणाची बॅग उतरवताय?" वरून आवाज आला. नोर्माबरोबर निघालेल्या आणि मघाशीच चढून बसलेल्या देल्फिनाआत्याचं डोकं बसच्या पहिल्या खिडकीतून बाहेर आलं होतं. मांडीवर घोंगडी, गळ्यात पासपोर्टची पिशवी. "मी बापाला भर कोर्टात खोटं पाडलंय, ते काय घरी बसून बिस्किटं खायला? मला त्यांचं गाव बघायचंय, आणि एकटीने विमानात चढता येत नाही मला. नोर्मा, वर ये!"

"आत्या, बाबा एकटे..."

"एकटा कशाला राहतोय? का रे आबेल, तुझा पासपोर्ट कुठाय?"

मुलीला इटालियन करायचं तर आधी बापाला व्हावं लागतं, हे आबेलार्दोंनी पाच वर्षांत निदान शंभर लोकांना समजावून सांगितलं होतं. आपणही जाऊ शकतो, हे मात्र त्यांच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"घरी आहे," ते चाचरत म्हणाले. "पण आत्या, असं कसं... मंगळवारी नळवाला यायचाय."

"मग बुधवारी नीघ," आत्या म्हणाली आणि तिने खिडकी लावून घेतली.