पहिला चिरा

पुरुषोत्तमराव कारखानीस सकाळी उठले की आधी भोपळ्याची विचारपूस करत आणि मग बायकोची. लीड्समध्ये त्या ऑक्टोबरात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, फार तर उभ्याचा आडवा व्हायचा. पायजम्यावर रेनकोट, पायात गमबूट, एका हातात चहाचा मग आणि दुसऱ्या हातात छत्री अशा थाटात ते मागच्या बागेत जात. छत्री भोपळ्यावर धरत आणि स्वतः भिजत चहा पीत. भोपळा निळ्या दुलईखाली झोपलेला असे. ही दुलई स्वातीबाईंनी पाहुण्यांसाठी घेतली होती.

"अहो, माझ्या बाळंतपणात तुम्ही माझ्यावर साधी चादर घातली नव्हतीत," स्वातीबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणत.

"तेव्हा कॉम्पिटिशन नव्हती," पुरुषोत्तमराव म्हणत.

आता होती. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये बागकाम मंडळाचं शरद प्रदर्शन होतं आणि त्यात सर्वांत मोठ्या भोपळ्याला पहिल्या नंबरचं लाल कार्ड मिळायचं. ते कार्ड वर्षानुवर्षं शेजारच्या डेरेककडे जात होतं. डेरेक रिटायर्ड पोस्टमन होता, सज्जन होता, कुंपणावरून हसून "मॉर्निंग, पर्सी!" म्हणायचा, आणि नेमकं तेच पुरुषोत्तमरावांना सहन होत नव्हतं. हरवणारा माणूस निदान खडूस तरी असावा! आयुष्यभर केमिस्टच्या दुकानात गोळ्या मोजून रिटायर झालेल्या पुरुषोत्तमरावांना आता एकच हौस उरली होती. त्या शरदात बँका धडाधड कोसळत होत्या, पेन्शनीचा फंड रोज आक्रसत होता, आणि भोपळा मात्र रोज फुगत होता. जगात भरवसा ठेवावा असं तेवढंच काहीतरी शिल्लक होतं.

अशात पुण्याहून प्रमोदिनीताई आल्या.

ताई म्हणजे पुरुषोत्तमरावांची थोरली बहीण. पंचविशीत विलायतेला आलेल्या भावाला तिने त्यानंतर एकाही भाऊबिजेला ओवाळलं नव्हतं. कधी त्याला रजा नसे, कधी तिच्या घरी आजारपण असे. फोनवर "ओवाळते रे" म्हणायची आणि इकडे हा रिसीव्हरसमोर मान वाकवायचा. या दिवाळीला मात्र ती गुडघ्यांना पट्टे बांधून, विमानात दोन्हीकडच्या प्रवाशांना चकल्या खिलवत थेट आली. पुरुषोत्तमरावांना विमानतळावर रडू आलं आणि त्यांनी ते सर्दीवर ढकललं.

पण ताईत एक खोट होती. तिची दृष्ट लागायची. तिने "काय सुरेख आहे गं!" म्हटलेला काचेचा जग संध्याकाळपर्यंत टिकला नव्हता. चुलतभाऊ माधवच्या नव्या स्कूटरला "किती छान!" म्हटलं, त्याच आठवड्यात माधव स्कूटरसकट गटारात. ताईचं मन लोण्यासारखं होतं, पण तिच्या कौतुकाला सगळं घर टरकून असे.

"तिला भोपळ्याबद्दल एक अक्षर सांगायचं नाही," पुरुषोत्तमरावांनी बायकोला बजावलं. "ना प्रदर्शनाचं, ना नंबराचं. दुलई दिसली तर म्हणायचं, वाळत घातलीय."

"पावसात?"

"इकडे अशीच वाळवतात म्हण."

हे धोरण गुरुवारपर्यंत टिकलं. गुरुवारी भाऊबीज होती. सकाळी पुरुषोत्तमरावांनी दुलई उचलून पाहिली तर भोपळ्याखालची जमीन चिखल झालेली. भोपळा कोरड्यावर उचलून ठेवला नाही तर शनिवारपर्यंत खालून सडणार. गावाबाहेरच्या एका शेतावर पेंढा आणि लाकडी फळ्या मिळत. ते स्वातीबाईंना घेऊन निघाले.

"येताना गूळ आणा रे," ताईने दारातून सांगितलं. "आणि तांदळाचं पीठ."

"गूळ कशाला, ताई?"

"भाऊबिजेला भावाने बहिणीला प्रश्न विचारायचे नसतात."

गाडी वळणाआड गेली तशी ताईंनी साडीचा पदर खोचला, वरून भावाचा रेनकोट चढवला आणि बागेत गेल्या. पावसात दुलई वाळत घालणारं घर त्यांना पहिल्या दिवसापासून बघवत नव्हतं. बिचारी स्वाती, नोकरी करून करून संसार विसरली, असं मनाशी म्हणत त्यांनी दुलई उचलली.

खाली भोपळा होता. ताई बघतच राहिल्या. एवढा भोपळा त्यांनी मंडईतसुद्धा पाहिला नव्हता. मग सवयीप्रमाणे त्यांनी तो खालून दाबून पाहिला. एका जागी बोट आत गेलं.

"अगं बाई, मऊ पडायला लागला की!"

ताईंच्या लेखी पुढचं सगळं सरळ होतं. मऊ पडलेला भोपळा त्याच दिवशी चिरावा लागतो. आज भाऊबीज. आई भाऊबिजेला भोपळ्याचे घारगे करायची आणि पुरू कढईशेजारी पाट मांडून बसायचा. गूळ येतोच आहे. देवाने याहून स्पष्ट कसं सांगायचं?

एकच अडचण होती. अख्ख्या भोपळ्याला बाईमाणसाने पहिला चिरा द्यायचा नसतो. तो पुरुषाने द्यायचा, मग बाईने हवा तसा चिरावा. ताईंची आई, आजी, सासू, सगळ्यांनी हे पाळलं होतं. घरात पुरुष नसेल तर शेजारच्याला बोलवायचं. ताई चाळीत असताना दूधवाल्याकडूनही चिरा देऊन घेत. त्यांनी मोठी सुरी घेतली आणि कुंपणावरून पलीकडे पाहिलं. डेरेक शिडीवर चढून पन्हळीतली कुजकी पानं काढत होता.

"मिस्टर!" ताईंनी सुरी हलवून हाक मारली. "कम! मॅन वॉन्टेड!"

डेरेक शिडीवरून जपून उतरला आणि मधलं फाटक उघडून आत आला. पुरुषोत्तमरावांनी त्याला सबंध उन्हाळा या बागेत पाऊल टाकू दिलं नव्हतं. भोपळा पाहून तो टोपी काढून उभा राहिला. आपण यंदा हरलो, हे त्याला एका नजरेत कळलं.

"कट, प्लीज," ताई म्हणाल्या. "स्मॉल कट. आय अॅम लेडी."

"पण मॅडम, हा प्रदर्शनाचा आहे," डेरेक त्याच्या इंग्रजीत कळवळून म्हणाला. "शनिवारी कॉम्पिटिशन आहे."

"नो नो. नो कॉम्पिटिशन. टुडे ब्रदर-सिस्टर डे."

"पर्सीला माहीत आहे?"

"माय ब्रदर? सरप्राइज!" ताई प्रसन्न हसल्या.

डेरेक पेचात पडला. नाही म्हणावं तर म्हातारी बाई पावसात भिजतेय आणि तिच्या हातात सुरी आहे. हो म्हणावं तर उद्या सगळं गाव म्हणेल, हरायची वेळ आली तसा डेरेकने पर्सीचा भोपळा कापला. पोस्टमनच्या नोकरीत त्याला कुत्री चावली होती, पण असला प्रसंग कधी आला नव्हता. शेवटी त्याने शक्कल लढवली. देठाला चिरा दिल्याने भोपळ्याचं वजन घटत नाही. त्याने सुरी घेऊन देठाच्या टोकाला नखाएवढी खूण केली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. बाईही खूश, भोपळाही शाबूत!

"थँक यू," ताईंनी सुरी परत घेतली. शास्त्र झालं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी सुरी उचलली, "गणपतीबाप्पा मोरया!" म्हटलं, आणि ती भोपळ्याच्या मधोमध घातली. मऊ पडलेल्या बाजूने सुरी लोण्यात जावी तशी गेली. भोपळ्याचे दोन अर्धे दोन्हीकडे कलंडले.

"ओ नो," डेरेक म्हणाला. ताईंचा चिखलात तोल जाईल म्हणून त्याने एका हाताने त्यांना सावरलं आणि दुसऱ्या हाताने सुरी काढून घेतली. नेमके त्याच वेळी खांद्यावर पेंढ्याचा भारा घेऊन पुरुषोत्तमराव बागेत आले.

समोर दुभंगलेला भोपळा. शेजारी हातात सुरी घेतलेला डेरेक. पेंढा खाली पडला.

"डेरेक," पुरुषोत्तमराव म्हणाले, "तू?"

"पहिला काप माझाच आहे, पर्सी," डेरेक मान खाली घालून म्हणाला. म्हाताऱ्या बाईचं नाव पुढे करणं त्याच्या स्वभावात बसत नव्हतं.

"हो रे, यांनीच दिला," ताईंनी मराठीत कौतुकाने दुजोरा दिला. "भला माणूस हो. एका हाकेत आला."

"भला? ताई, अगं त्याने माझं वाटोळं केलं!"

"त्याने कशाला? त्याने नुसता देठाला चिरा दिला. चिरला मी."

पुरुषोत्तमराव मटकन पेंढ्यावर बसले. मग त्यांनी उन्हाळ्यापासूनची सगळी कर्मकथा सांगितली. ताईंचा चेहरा पडला.

"मग मला आधी सांगायचं नाही का रे, पुरू?"

"तुझी दृष्ट लागेल म्हणून नाही सांगितलं," पुरुषोत्तमराव बोलून गेले, आणि लगेच त्यांना जीभ चावावीशी वाटली.

पाऊस पडत होता. ताईंनी भोपळ्याच्या एका अर्ध्यावर दुलई ओढली. "एवढ्या वर्षांनी तुला घारगे करून घालावेत म्हटलं," त्या हळूच म्हणाल्या. "बाकी काही नाही." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांना ते कशावर ढकलताही येत नव्हतं.

पुरुषोत्तमरावांनी दोन अर्ध्यांकडे पाहिलं, मग बहिणीच्या चिखलाने माखलेल्या पायांकडे. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. "स्वाती," ते उठून म्हणाले, "गूळ काढ. आणि मला खाली बसायला काहीतरी दे. मी कढईशेजारी बसणार आहे."

प्रदर्शनाचा भोपळा चवीला अगदीच पाणचट निघाला. ताईंनी दुप्पट गूळ घालून त्याला वळण लावलं. घारगे टम्म फुगले. संध्याकाळी ओवाळायची वेळ झाली तेव्हा ताई म्हणाल्या, "त्या मिस्टरांनाही बोलव. बहिणीच्या अडीनडीला धावून येतो त्याला आणखी काय म्हणायचं?"

डेरेक टाय लावून आला. त्याच्या कपाळाला कुंकू लागलं, उरल्यासुरल्या केसांत अक्षता पडल्या, आणि निरांजन चेहऱ्याभोवती फिरताना तो पासपोर्टच्या फोटोसारखा ताठ बसला. पुरुषोत्तमरावांनी ताटात साडी ठेवली. ती पाहून डेरेकने स्वातीबाईंना कुजबुजत विचारलं, "मीही काही द्यायचं असतं का?"

"असतं, पण तुम्ही नाही दिलंत तरी चालेल."

डेरेकने खिसे चाचपले. सुतळीचा गुंडा आणि वाटाण्याच्या बियांचं पाकीट निघालं. तो "एक मिनिट" म्हणून पावसात गेला आणि हातगाडी ढकलत परत आला. हातगाडीत त्याचा स्वतःचा भोपळा होता.

"फॉर माय सिस्टर," तो म्हणाला.

ताई तेवढ्या भानावर होत्या. त्यांनी सुरी आणून भावाच्या हातात दिली. "घे पुरू. दे चिरा."

पुरुषोत्तमराव सुरी घेऊन उभे राहिले. इतकी वर्षं डेरेकच्या ज्या भोपळ्यांवर त्यांनी मनातल्या मनात सूड उगवला होता, त्यांतला एक आज समोर होता आणि कापायला घरच्यांची परवानगी होती. डेरेक पाठ फिरवून खिडकीबाहेरचा पाऊस पाहत होता. त्याचे कान लाल झाले होते. पुरुषोत्तमरावांनी ते कान पाहिले आणि सुरी खाली ठेवली.

"ताई, हा शनिवारी जाऊ दे. रविवारी चिरू."

"म्हणजे हाही प्रदर्शनाचाच? तुमच्या या गावात भोपळा खातं तरी कोण?"

शनिवारी भोपळा पुरुषोत्तमरावांच्या गाडीतून, त्यांच्याच पेंढ्यावर बसून हॉलमध्ये गेला. दारातल्या बाईंनी नाव विचारलं तेव्हा डेरेक हटून बसला. एकदा दिलेली वस्तू परत कशी घ्यायची? भोपळा मिसेस प्रमोदिनींचा.

"तुमच्या घरच्याच बागेतला आहे ना?" बाईंनी ताईंना विचारलं.

"यस यस. ब्रदर्स गार्डन," ताई डेरेककडे बोट दाखवून म्हणाल्या. नऊवारीवर भावाचा रेनकोट घातलेल्या त्या बाईला आणखी प्रश्न विचारण्याचं धाडस कोणाला झालं नाही.

भोपळ्याचा पहिला नंबर आला. लाल कार्ड ताईंच्या नावाने लागलं. पुरुषोत्तमराव आणि डेरेक मागच्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसून डब्यातले घारगे खात होते. दुसऱ्या नंबरच्या भोपळ्याला पाहून "हा काय भोपळा झाला?" असं दोघांनी एकाच वेळी म्हटलं, आणि त्यांना बऱ्यापैकी बरं वाटलं.

ताई लाल कार्ड घेऊन पुण्याला परतल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी माधवचा फोन आला.

"पुरुषोत्तम, अरे अभिनंदन! ताई सगळ्या सोसायटीला कार्ड दाखवत हिंडतेय. सांगते, माझ्या भावाच्या बागेतला भोपळा."

पुरुषोत्तमरावांनी खिडकीतून पाहिलं. कुंपणापलीकडे डेरेक पावसात माती खणत होता. नुसतं "थँक्स" म्हटलं असतं तर पुण्यातल्या कोणाला कधी कळलं नसतं. क्षणभर मोह झालाही.

"माझ्या नव्हे रे, दुसऱ्या भावाच्या बागेतला," ते म्हणाले. "तुला सांगायचं राहिलं. इकडे आपला आणखी एक भाऊ असतो. डेरेक."

"डेरेक? थोरला की धाकटा?"

डेरेक त्यांच्याहून चांगला तीन वर्षांनी मोठा होता.

"धाकटा," पुरुषोत्तमराव ठामपणे म्हणाले. कुठेतरी पहिला नंबर त्यांनाही हवा होताच.