दिसणार म्हणजे दिसणारच

बसच्या आगारात चौकशीची खिडकी असते, तिच्या आत बसलेला माणूस म्हणजे मी. बाहेरून लोक विचारतात, "गाडी येणार का?" मी म्हणतो, "येणार." गाडी कुठे आहे हे मला ठाऊक नसतं. पुष्कळदा ते चालकालाही धड ठाऊक नसतं. पण खिडकीतून "ठाऊक नाही" असं म्हणायचं नसतं, कारण मग ही खिडकी ठेवलीय कशाला, असा प्रश्न निघतो. (तो निघू नये अशी साहेबांची तोंडी सूचना आहे.) इतकी वर्षं हेच केल्यामुळे सवय अंगात मुरली आहे आणि घरी आल्यावर ती शर्टाबरोबर खुंटीला टांगता येत नाही. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

माझी बायको बॅडमिंटनची लाइन जज आहे. हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे पंच का?" तर नाही. पंच उंच खुर्चीवर बसतो. लाइन जज कोर्टाच्या कोपऱ्यात साध्या खुर्चीवर बसते आणि एकाच रेषेकडे टक लावून बघते. शटल आत पडलं की बाहेर, एवढंच तिने सांगायचं. ही पूर्वी स्वतः फार छान खेळायची. मग गुडघ्याने दगा दिला, रॅकेट माळ्यावर गेली आणि ही रेषेवर आली.

तिला खेळ शिकवला तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. ते शाळेत पी.टी.चे मास्तर होते. घरामागे दोन खांबांना दोरी बांधून त्यांनी पोरीला तयार केलं आणि तोंडाने कधी 'शाबास' म्हटलं नाही. आता ते आमच्याकडेच असतात. एक डोळा गेलेला आहे. दुसऱ्याची शस्त्रक्रिया व्हायची आहे आणि डॉक्टर म्हणाले आहेत, "प्रयत्न करू." डॉक्टर असं म्हणाले की त्याचा अर्थ काय होतो, हे चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्याला कोणी समजावायला नको. मला तो चांगलाच समजला आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही.

अशात हिची निवड मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी झाली. गाव लांबचं. सासऱ्यांना नेऊन उपयोग नव्हता, कारण प्रेक्षकांतून त्यांना कोर्टसुद्धा दिसलं नसतं. पण टीव्हीच्या काचेला नाक लावून बसलं की त्या उरलेल्या डोळ्याला अजून दिसायचं. चहा पिताना त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "जावईबापू, टीव्हीवर दाखवतात का हो हे?"

"दाखवतात म्हणजे काय! जगभर दाखवतात."

"पोरगी दिसेल?"

"दिसणार म्हणजे दिसणारच."

स्वयंपाकघरात भांडं आपटलं. मी आत गेलो.

"तुम्हाला नक्की माहीत आहे?" बायकोने विचारलं.

"अगं, मी दिवसभर हेच करतो."

"तीच तर भीती आहे. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं हो माणसाने. स्पर्धा संपली की लगेच ऑपरेशन आहे. नंतर दिसेल न दिसेल. त्यांना उगाच आशेला लावू नका."

पण सासरे तोवर जिना चढून वरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना सांगून आले होते. परत येताना शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं. धरून धरून जिना चढून-उतरून आलेल्या माणसाला "जरा थांबा, मी चौकशी करतो" असं म्हणायला तोंड लागतं. माझ्याकडे ते तोंड नव्हतं.

जाण्याआधी ही आरशासमोर सराव करायची. शटल बाहेर पडलं की "आउट!" असं घसा फोडून ओरडायचं आणि दोन्ही हात पंखासारखे पसरायचे. (आमची फुलदाणी त्यातच गेली.) आत पडलं तर ओरडायचं नाही, नुसता हात रेषेकडे दाखवायचा. एका सकाळी मला दुधाकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं म्हणून मी तिच्याकडे बघत होतो, तर ही आरशासमोर दोन्ही तळव्यांनी डोळे गच्च झाकून उभी. मी काही न बोलता बामची बाटली आणून दिली. चांगल्या नवऱ्याला न सांगता कळतं. तिने बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बाटली खणात ठेवली आणि म्हणाली, "दूध." ते उतू गेलेलं होतं.

ही गेली. स्पर्धा सुरू झाली. सासरे सकाळीच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर स्टुलावर बसले. खेळांच्या चॅनलवर एक गृहस्थ गळ टाकून मासे पकडत होते.

"हे बॅडमिंटन नव्हे," सासरे काचेला नाक लावून म्हणाले.

"येईल. मागे आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांना मासा मिळाला, आम्हाला बॅडमिंटन मिळालं नाही. मी केबलवाल्याला गाठलं. तो म्हणाला, ते चॅनल तुमच्या पॅकमध्येच नाही. पॅक बदलला. नव्या चॅनलवर मोटारींची शर्यत होती. मग मी मोबाइलवर बॅडमिंटन-वेड्यांच्या एका ग्रुपमध्ये शिरलो. तिथे सगळे एकमेकांना धीर देत होते. "आज दाखवणारच." "संध्याकाळी नक्की." "माझ्या मेहुण्याला आतून कळलंय." ते वाचून मला अगदी ऑफिसात बसल्यासारखं वाटलं. पण खोलीत सासरे अजून इस्त्रीच्या शर्टात बसलेले होते आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं. प्रवाशाला मी उद्या पुन्हा भेटणार नसतो. हा माणूस रोज जेवायला शेजारी बसत होता.

शेवटी मी स्पर्धेच्या मदत केंद्राला फोन लावला. एका बाईंनी घेतला.

"प्रक्षेपण उपांत्य फेरीपासून आहे. फक्त एक नंबर कोर्ट."

"आणि लाइन जज?"

"त्यांचं काय?"

"त्यांना दाखवतात का?"

"सर, लोक खेळाडूंना बघायला बसतात."

"आमच्याकडे एक जण लाइन जजला बघायला बसलाय हो."

बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "सांगता येत नाही." त्यांच्या खिडकीत असं म्हणण्याची परवानगी आहे, याचा मला हेवा वाटला. तरी मी रोज फोन करत राहिलो. पुढे पुढे त्या माझा आवाज ऐकल्याबरोबर, "अजूनही सांगता येत नाही, सर," एवढंच म्हणायच्या.

आणि उपांत्य फेरीच्या आदल्या संध्याकाळी बायकोचा फोन आला. तिला एक नंबर कोर्ट मिळालं होतं! सासऱ्यांनी फक्त शर्ट पुन्हा इस्त्रीला द्यायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तर आले, डॉक्टरीणबाई दवाखाना बंद ठेवून आल्या. सामना सुरू झाला. कॅमेरा वरून, लांबून. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक खुर्ची, पण खुर्चीवरचं माणूस गुडघ्यापासून वर कापलेलं.

"कुठे आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

मी त्यांचं बोट धरून काचेवर टेकवलं. "हे तिचे बूट."

"पांढरे आहेत ना?"

"हो."

"नाड्या घट्ट आहेत?"

"घट्ट आहेत."

"बूट छान आहेत हो," पोस्टमास्तर म्हणाले. सासऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून काय बोलावं हे त्यांना सुचत नव्हतं. सासरे नुसते त्या बुटांकडे बघत बसले. इतक्या दिवसांच्या 'येईल, येईल'नंतर त्यांना बूट मिळाले होते आणि ते तक्रारही करत नव्हते. मला माझी भयंकर लाज वाटली.

इतक्यात एक रॅली फार रंगली. शटल आमच्या कोपऱ्यात आलं, खेळाडूने उडी घेतली, शटल रेषेजवळ पडलं. पंचाने मान वळवून कोपऱ्याकडे पाहिलं. कॅमेऱ्यानेही पाहिलं. आणि अख्ख्या पडद्यावर माझी बायको आली!

तिने दोन्ही तळव्यांनी डोळे गच्च झाकले होते.

"रडतायत!" पोस्टमास्तर उठून उभे राहिले.

"चक्कर असेल. बीपी तपासलं होतं का?" डॉक्टरीणबाई.

"दिसली का? काय करतेय?" सासरे विचारत होते.

पण मला कोणाला विचारायची गरज नव्हती. हे मी घरी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. "डोकं धरलंय, बाबा! तिला हा त्रास आहे!" असं ओरडत मी मोबाइल घेऊन गॅलरीत धावलो. मागून "जावईबापू, थांबा" असं ऐकू आलं, पण बायको संकटात असताना नवरा थांबत नाही.

"सर, अजूनही सांगता..."

"बाई, ती पडेल! एक नंबर कोर्ट, कोपऱ्यातली लाइन जज! जुना त्रास आहे, घरीही होतो, बाम लावूनही जात नाही!" (बाम कधी लावलेलाच नव्हता.) "डॉक्टर पाठवा!"

"अरे देवा. लगेच कळवते."

घाम पुसत मी आत आलो. सगळे माझ्याकडे बघत होते. मी गॅलरीत असताना आत काय झालं ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. सासऱ्यांनी विचारलं होतं, "हात तोंडावर आहेत की डोळ्यांवर?" बाई म्हणाल्या, "डोळ्यांवर." तेव्हा ते म्हणाले, "मग पोरगी ठणठणीत आहे. खेळाडू मध्ये आला, तिला शटल पडलेलं दिसलं नाही. लाइन जजला दिसलं नाही, तर त्याने डोळे झाकून दाखवायचं असतं. नियमच आहे तो." पंचालाही दिसलं नव्हतं, म्हणून पॉइंट पुन्हा खेळवला होता.

सासरे अजून काचेपाशीच होते. "दोन्ही हात फैलावून काहीतरी ठोकून देणं सोपं असतं, जावईबापू," ते म्हणाले. "सगळं जग बघत असताना 'मला दिसलं नाही' म्हणायला छाती लागते. शाबास पोरी." हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो.

माझ्या हातात मोबाइल अजून गरम होता.

"बाबा," मी म्हणालो, "मी डॉक्टर पाठवलाय."

"कुठे?"

"कोर्टवर."

मध्यंतर झालं. खेळाडू पाणी प्यायला गेले आणि बॅग घेतलेला एक डॉक्टर थेट कोपऱ्याकडे चालत गेला. कॅमेऱ्याने खेळाडूंना सोडलं आणि डॉक्टरला धरलं. त्याने माझ्या बायकोचं मनगट पकडलं. तिने सोडवून घेतलं. त्याने डोळ्यात बॅटरी मारली. ती काहीतरी बोलली. आवाज येत नव्हता, पण ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं, त्यात माझा उल्लेख असतो. मुख्य अधिकारी आले, हळूच समजूत घातली, तिच्या खुर्चीवर दुसऱ्या कोणाला बसवलं आणि तिला धरून बाहेर नेऊ लागले. कॅमेरा दारापर्यंत तिच्यासोबत गेला. समालोचकांनी तिला लवकर बरं वाटो अशी इच्छा व्यक्त केली. पूर्ण चेहरा, समोरून, लालबुंद.

ज्या खुर्चीसाठी हिने गुडघ्याचं दुःख गिळलं होतं, त्या खुर्चीवरून मी तिला फोनवर उठवलं होतं.

"दिसली," सासरे म्हणाले. त्यांचा तळवा काचेवर टेकलेला होता. "चिडली की नाक अजून तसंच फुगवते. दोरीपाशी फुगवायची तसंच." मग डोळा पुसून म्हणाले, "स्वच्छ दिसली हो. बरोबर बोलला होतात तुम्ही." हे कौतुक होतं की नाही, हे मी त्यांना विचारलं नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ही परत आली. बॅग ठेवली, वडिलांचा हात हातात घेऊन थोडा वेळ बसली. मग स्वयंपाकघरात आली, गॅसवर दूध ठेवलं आणि म्हणाली, "इकडे या. याच्याकडे लक्ष ठेवा आणि मला एवढंच सांगा. तो फोन कोणी केला?"

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते मागोमाग येऊन दाराला धरून उभे होते. त्यांनी काही मदत केली नाही. माझ्याकडे उत्तरं तयार होती. लाइन चुकून लागली. पोस्टमास्तरांनी लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या म्हणून. खिडकीत बसून बसून अशी उत्तरं मला झोपेतही येतात. पण तिच्या तोंडाकडे बघून आयुष्यात पहिल्यांदा एकही बाहेर पडेना. मी दोन्ही हात वर केले आणि तळव्यांनी डोळे गच्च झाकून घेतले.

बराच वेळ तसाच उभा राहिलो. मग मला वाटलं, ती हसली. हो, हसलीच असणार. माफी मिळाली, या आनंदात मी हात आणखी घट्ट दाबून धरले.

तेवढ्यात दारातून सासरे घसा फोडून ओरडले, "आउट!"

मी हात काढले. सासऱ्यांनी दोन्ही हात पंखासारखे पसरले होते. दूध पातेल्याबाहेर, ओट्यावरून खाली माझ्या पायांपर्यंत आलं होतं. त्यांना ते दारातून दिसलं होतं, त्या एका डोळ्याने.